अटकेचे कागद कुठे असतात?

तालुक्यातल्या एखाद्या गावात संध्याकाळी पोलिसांची गाडी येते आणि कोणाला तरी बसवून घेऊन जाते. मागे राहिलेल्या घरच्यांना तीन प्रश्न पडतात: कुठे नेले, कशासाठी नेले, कोर्टात कधी उभे करणार? गावाला मात्र चौथाच प्रश्न पडलेला असतो: याने नेमके केले काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे देणे कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे. चौथ्याचे उत्तर निकाल लागेपर्यंत कोणाकडेच नसते. पोलिसांच्या कोणत्या नोंदी उघड असाव्यात आणि कोणत्या झाकलेल्या, याबाबतचा आपला कायदा बहुतेक याच फरकावर उभा आहे.

अमेरिकेतल्या अनेक काउंट्यांमध्ये शेरीफचे कार्यालय तुरुंगात आणलेल्या माणसांची नावे, आरोप आणि बऱ्याचदा छायाचित्रेही संकेतस्थळावर टाकते. शेजारी, घरमालक, नोकरी देणारा, कोणीही ती पाहावीत. आपल्याकडे अटकेची माहिती जाहीर करण्याचा नियम आला तो वेगळ्या कारणाने. कोठडीत माणूस मारला जाऊ नये, नाहीसा होऊ नये, म्हणून तो आला. १९८६ साली पश्चिम बंगालमधल्या विधी साहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते याचिका म्हणून स्वीकारले आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी निकाल देताना अटकेसाठी अकरा नियम घालून दिले. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी, नियंत्रण कक्षाबाहेर फलक हे सारे त्या निकालातून रुजले आणि पुढे कायद्यात उतरले. अटकेची यादी भिंतीवर लागते ती त्या माणसाला वाचवण्यासाठी. हे ध्यानात ठेवले की कोणता कागद कोणाला मिळेल, याचा अंदाज पुष्कळदा आपोआप येतो.

तीन वाटा, तीन दप्तरे

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या माणसाला पोलिसांचे ‘सगळे रेकॉर्ड’ एका खिडकीवर मिळत नाही, कारण ते एका ठिकाणी नसतेच. पहिली वाट पोलिसांची. दारव्हा शहराचे ठाणे आहे, तालुक्यात लाडखेडचेही आहे. दारव्ह्याला उपविभागीय पोलीस अधिकारी बसतात आणि जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक यवतमाळला. आपले गाव कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे ठाऊक नसेल तर पोलीस पाटलाला विचारावे. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला हा माणूस गाव आणि ठाणे यांच्यातला पहिला दुवा असतो.

दुसरी वाट कोर्टाची. दारव्ह्याचे दंडाधिकारी न्यायालय आणि अतिरिक्त सत्र न्यायालय, मग यवतमाळचे जिल्हा व सत्र न्यायालय, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

तिसरी वाट महसूल खात्यातून जाते आणि बहुतेकांना ती आठवत नाही. गुन्हा घडण्याआधीच, शांतता बिघडेल म्हणून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली पोलीस एखाद्याला ताब्यात घेतात. सणासुदीला, निवडणुकीच्या तोंडावर अशा कारवाया वाढतात. कलम १२६ किंवा १२९ चा बाँड घेण्याचे काम तहसीलदारासारख्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. तडीपारीचा प्रस्ताव महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जातो. यातल्या पुष्कळ कारवायांमागे एफआयआर नसतो. त्यामुळे घरचे ऑनलाइन एफआयआर धुंडाळत बसतात आणि कागद मात्र तहसील कचेरीत पडलेला असतो. म्हणून ठाण्यात विचारायचा पहिला प्रश्न हा: गुन्हा दाखल आहे, की प्रतिबंधात्मक कारवाई?

पहिले चोवीस तास

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, पण अटकेबाबतची बहुतेक बंधने तीच राहिली.

कलम ३६ प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःचे नाव स्पष्ट दिसेल असे लावले पाहिजे आणि अटकेचा लेखी कागद तयार केला पाहिजे. त्यावर निदान एका साक्षीदाराची सही हवी. तो कुटुंबातला असावा किंवा त्या वस्तीतला प्रतिष्ठित माणूस. अटक झालेल्याचीही सही त्यावर होते. कलम ४८ प्रमाणे, त्याने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला अटकेची आणि कुठे ठेवले आहे त्या जागेची खबर लगेच द्यावी लागते, आणि कोणाला खबर दिली याची नोंद ठाण्याच्या वहीत करावी लागते. घरी फोन आलाच नाही अशी तक्रार असेल, तर हीच नोंद मागायची.

सगळ्यात कमी वापरले जाणारे कलम म्हणजे ३७. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमलेला असला पाहिजे. अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप यांची माहिती ठेवणे हे त्याचे काम. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे, डिजिटल पद्धतीनेसुद्धा, लावायची आहे. ती वाचायला ओळख लागत नाही, वशिला तर नाहीच. अटक दारव्हा ठाण्याने केली की जिल्ह्याच्या एखाद्या पथकाने, हे कळत नसेल, तर यवतमाळच्या नियंत्रण कक्षात चौकशी करावी.

संविधानाचे अनुच्छेद २२ आणि संहितेचे कलम ५८ सांगते की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत अटकेतल्या माणसाला दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. तिथे त्याला ‘पीसीआर’ मिळाला की ‘एमसीआर’, हे शब्द कोर्टाच्या आवारात कानावर पडतात. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, माणूस ठाण्याच्या ताब्यात. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि मग पुढचा मुक्काम साधारणपणे यवतमाळच्या जिल्हा कारागृहात.

अटकेची कारणे लेखी द्यावीत की तोंडी सांगून भागते, हा वाद बरीच वर्षे चालला. वरळीत जुलै २०२४ मध्ये झालेल्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतील. तत्काळ शक्य नसेल, तर निदान कोठडीसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तरी. घरातल्या कोणीतरी तांड्यावर बंजारा बोलीत वाढलेल्या म्हातारीला तो कागद वाचून दाखवावा लागेल, हे खरे. पण कागद हातात असला तर वकिलाला तासाभरात काम सुरू करता येते.

वकील परवडत नसेल तर दारव्हा न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावे. कोठडीतली व्यक्ती, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१०० आहे.

एफआयआर: सगळ्यांची सुरुवात

ठाण्यात दाखल झालेल्या दखलपात्र गुन्ह्याला क्रमांक पडतो. विदर्भात तो ‘अप. क्र.’ म्हणून लिहितात, म्हणजे अपराध क्रमांक. पुढे तिरक्या रेघेनंतर वर्ष. जिल्हा, ठाणे, क्रमांक आणि वर्ष या चार गोष्टी हातात असल्या की पुढचे सगळे दरवाजे उघडतात. त्या नसतील तर माणूस नुसत्या नावावर भटकत राहतो, आणि एकाच नावाची चार माणसे तर एका गावात सापडतात.

फिर्याद देणाऱ्याला किंवा पीडिताला एफआयआरची प्रत मोफत मिळते. कलम १७३ तसे सांगते. आरोपीसाठी आणि इतरांसाठी दार उघडले ते ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर न्यायालयाने आदेश दिला की नोंद झाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर यावा. दुर्गम भागात, इंटरनेटची अडचण असेल तर जास्तीत जास्त ७२ तासांत. आपले नाव एखाद्या एफआयआरमध्ये असावे अशी शंका असलेला माणूसही प्रतिनिधीमार्फत अर्ज करून, शुल्क भरून, चोवीस तासांत प्रत मागू शकतो.

महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहण्याची सोय आहे. तारखा, जिल्हा यवतमाळ आणि ठाणे निवडले की यादी समोर येते. पण तिथे प्रत्येक गुन्हा दिसेलच असे नाही. लैंगिक गुन्हे, बालकांवरचे पोक्सोचे गुन्हे, दहशतवादाशी संबंधित प्रकरणे मुद्दाम वगळलेली असतात. वगळण्याचा निर्णय उपअधीक्षकापेक्षा कमी दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही, असेही न्यायालयाने बजावले आहे.

शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की यांसारख्या अदखलपात्र बाबी ‘एनसी’ म्हणून वेगळ्या वहीत जातात. त्यात अटक नसते, दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपासही नसतो. शिवाय सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या अनेक गुन्ह्यांत पोलीस अटकेऐवजी कलम ३५ ची नोटीस देऊन हजर राहायला सांगतात. तेव्हा गुन्हा दाखल आहे पण अटक नाही, अशी स्थिती अगदी नेहमीची आहे.

संशयास्पद किंवा अकाली मृत्यूची नोंद पुन्हा वेगळी असते. कलम १९४ खालच्या या नोंदीला आपल्याकडे ‘मर्ग’ म्हणतात आणि तिला मर्ग क्रमांक मिळतो. यवतमाळ जिल्ह्यात या कागदाचे मोल फार मोठे आहे. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाख रुपयांच्या शासकीय मदतीचा प्रस्ताव उभा राहतो तो पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाच्या अहवालावर. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. त्या वेळी कोणी कोणते औषध फवारले याच्या नोंदी झाल्या होत्या. पुढे एका स्विस कंपनीच्या उत्पादनाशी जोडलेल्या ९६ विषबाधा त्या सरकारी नोंदींत सापडल्या. कंपनीने संबंध नाकारला. पण २०२१ मध्ये एक वाचलेला शेतकरी आणि दोन मृतांच्या पत्नी बासेलच्या न्यायालयात दावा घेऊन उभ्या राहिल्या. ठाण्यात नोंदवलेला औषधाचा एक शब्द इतका दूर जाऊ शकतो.

कोर्टाच्या खिडकीवर

एफआयआर क्रमांक कळला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर खटला शोधता येतो. यवतमाळ जिल्हा आणि दारव्हा न्यायालय निवडायचे. पक्षकाराचे नाव, खटला क्रमांक, वकिलाचे नाव किंवा एफआयआर क्रमांक, कशानेही शोध घेता येतो. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो एकदा टिपून ठेवला की पुढची तारीख, झालेले आदेश आणि निकाल घरबसल्या दिसतात. दंडाधिकाऱ्यापुढचा नेहमीचा फौजदारी खटला ‘आर.सी.सी.’, संक्षिप्त खटला ‘एस.सी.सी.’, तर सत्र खटला वेगळ्या नावाने नोंदलेला असतो.

आरोपी कोठडीत असेल तर तपास पूर्ण करायला गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवस मिळतात. मुदत टळली तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. म्हणून अटकेची तारीख वहीत लिहून ठेवावी. फिर्यादीला तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर कलम १९३ ने बंधनकारक केले आहे. दोषारोपपत्र आणि सोबतची कागदपत्रे आरोपीला कलम २३० प्रमाणे मोफत मिळतात; पीडिताचा वकील असेल तर त्यालाही.

त्रयस्थाचे मात्र तसे नाही. दोषारोपपत्रेही एफआयआरसारखी संकेतस्थळावर टाका, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती. २० जानेवारी २०२३ रोजी ती फेटाळली गेली. दोषारोपपत्रात साक्षीदारांचे जबाब असतात, पीडितांचे तपशील असतात. ते चव्हाट्यावर आले तर दोघांचेही नुकसान होते. बाहेरच्या माणसाला नक्कल हवी असेल तर कारण देऊन न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो आणि परवानगी मिळेल की नाही हे न्यायाधीश ठरवतात. निकाल आणि अंतिम आदेश मिळवणे तुलनेने सोपे असते.

माहिती अधिकार कुठवर पुरतो

वरच्या कोणत्याच वाटेने कागद मिळाला नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्द. उत्तराची मुदत तीस दिवस. माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. कोठडीतल्या माणसाबद्दलचा अर्ज हा तसाच प्रश्न असतो आणि अर्जात तसे लिहायला विसरू नये. नकार आला तर वीस रुपयांच्या स्टॅम्पवर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे.

‘याला का अटक केली?’ असा प्रश्न विचारला तर हाती काहीच लागत नाही, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. ‘अमुक तारखेच्या अमुक वेळेतील स्टेशन डायरीच्या नोंदीची प्रत’ असे नेमके मागावे. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण हवे असेल तर वेळ दवडू नये. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ते अठरा महिने, आणि तेवढे शक्य नसेल तर निदान वर्षभर, जपायला सांगितले आहे. त्यानंतर ते पुसले जाऊ शकते.

पोलिसांचा ठरलेला नकार कलम ८(१)(ज) वर येतो: तपासाला बाधा येईल. पण तपास चालू आहे एवढेच सांगणे पुरेसे नाही, माहितीने तो कसा अडेल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २००७ रोजी म्हटले आहे. अपिलात हा मुद्दा मांडता येतो. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती मागितली तर कलम ८(१)(ञ) आडवे येते, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते आणखी घट्ट केले आहे. शेजाऱ्याच्या नावावर किती गुन्हे आहेत, असा अर्ज सहसा यापुढे जात नाही. चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्रही माणूस स्वतःचेच काढतो.

जे झाकलेलेच राहते

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचे नाव छापणे हा गुन्हा आहे. हा नियम ज्या घटनांनी आणला त्यांतली एक विदर्भातली. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच बदलात नाव न छापण्याचे कलम आले. आज ते भारतीय न्याय संहितेत ७२ व्या क्रमांकावर आहे. त्या मुलीचे नाव मात्र खटल्याची ओळख म्हणून आजही सर्रास घेतले जाते.

अल्पवयीनांबाबत बंधन याहून कडक आहे. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे, प्रकरण चालू असो की निकाली निघालेले, पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही ती नोंद उघड करायची नाही.

तिसरा झाकलेला कागद म्हणजे हिस्ट्रीशीट, सराईत समजल्या जाणाऱ्यांची पोलिसांनी ठेवलेली नोंद. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवले, त्यांची हजेरी घेतली, त्यांच्या हालचालींच्या वह्या ठेवल्या. कायदा १९५२ मध्ये गेला, पण संशय गेला नाही. चोरी झाली की पहिली धाड फासेपारध्यांच्या बेड्यावर, हा अनुभव यवतमाळ जिल्ह्यालाही परका नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो लोकांत फिरवायचा नाही, आणि मागास समाजांतल्या माणसांच्या नोंदी पूर्वग्रहाने होत नाहीत ना हे राज्यांनी पाहावे. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगाच्या वह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला.

कागद हाती आल्यावर

शेवटी, मिळालेला कागद नीट वाचता आला पाहिजे. एफआयआर ही एका माणसाने सांगितलेली हकिगत असते. अटकेचा कागद माणूस ताब्यात घेतला एवढेच सांगतो. दोषारोपपत्रात पोलिसांचे मत असते. दोषी की निर्दोष हे फक्त निकालपत्र सांगते.

बरेच एफआयआर तर खटल्यापर्यंत पोचतच नाहीत. महाराष्ट्रात तपास थांबवताना पोलीस कोर्टात ‘समरी’ अहवाल देतात. गुन्हा घडला पण करणारा सापडला नाही, तर ‘अ’ समरी. तक्रार जाणूनबुजून खोटी, तर ‘ब’. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, तर ‘क’. ‘ब’ समरी मंजूर झालेल्या माणसाचा एफआयआर ‘पाहा, याच्यावर गुन्हा आहे’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणारा स्वतःच अब्रुनुकसानीच्या कचाट्यात सापडू शकतो.

ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला होता त्याने निकालाची किंवा मंजूर समरीची प्रमाणित नक्कल काढून घरात जपून ठेवावी. एफआयआर एका दिवसात दाखल होतो, निर्दोष सुटायला वर्षे लागतात, आणि नोकरीच्या पडताळणीत जुना अपराध क्रमांक आधी वर येतो. खटला कसा संपला हे सांगणारा कागद तेव्हा आपल्यालाच पुढे करावा लागतो.